आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, चार पावलांत धाप लागते. तरी डॉक्टर व्यायाम का सांगतात?

कारण धाप फक्त फुप्फुसांमुळे लागत नाही. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून बसून मांड्यांतली ताकद जाते आणि मग न्हाणीघरापर्यंत जाणंही जड होतं. पल्मनरी रिहॅबमध्ये, म्हणजे फुप्फुसांच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली चालणाऱ्या व्यायामाच्या कार्यक्रमात, हेच चक्र मोडतात. साधारण ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून २-३ दिवस. सुरुवातीला ६ मिनिटांत किती चालवतं ते मोजतात, बोटाला ऑक्सिमीटर लावून. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायच्या चाचणीचा, आकडा फारसा हलत नाही, त्याने खट्टू होऊ नका, चालणं वाढतं. जिना चढताना नाकाने श्वास घेऊन, गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायला सांगा. इनहेलर मात्र चालूच ठेवायचा. आणि घरात चूल पेटत असेल, तर आईंना त्या धुरापासून आधी लांब करा.