अहवालातील '२+' आणि पुढची चाचणी

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आहे. बायोप्सीच्या अहवालात 'हर-२ : २+' असे लिहिले असून डॉक्टरांनी 'फिश' चाचणी सांगितली आहे. गाठ एकदा तपासल्यावर पुन्हा खर्च कशासाठी? रक्तातील प्रथिनांवरून कर्करोग आधीच कळतो असे ऐकले. तशी चाचणी मीही करून घ्यावी का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ही तीच तपासणी पुन्हा नव्हे. हर-२ हे पेशीच्या आवरणावर बसून वाढीचा निरोप आत पोचवणारे प्रथिन आहे. ते निरोगी पेशींवरही असते. प्रश्न असतो तो प्रमाणाचा. या कर्करोगाच्या शंभरांतील साधारण १५ ते २० रुग्णांमध्ये ते बेसुमार तयार होते आणि पेशी विभागतच राहतात. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या अतिशय पातळ कापावर नेमक्या याच प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे सोडतात आणि प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढवतात. दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद, अखंड कडे दिसले तर ३+, म्हणजे प्रथिन नक्की वाढलेले. आपल्या बहिणीच्या बाबतीत ते कडे फिकट दिसले असावे. २+ म्हणजे असा अनिश्चित निकाल, म्हणून नजरेच्या अंदाजावर न थांबता फिशमध्ये त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती मोजतात.

हा खर्च टाळू नये, कारण पुढचे औषध त्यावर ठरते. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध हर-२ला पकडते. ज्या गाठीत हे प्रथिन वाढलेलेच नाही, तिथे ते देऊन हाती फारसे लागत नाही. शिवाय हृदयाच्या स्नायूलाही हर-२ची गरज असल्याने या उपचारात अधूनमधून टूडी इको करावा लागतो. फिश निगेटिव्ह आली तरी निराश होऊ नये. अशा गाठींचा आजार इतरत्र पसरला असेल, तर काही रुग्णांना ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन, म्हणजे ट्रास्टुझुमॅबला कर्कपेशी मारणारे औषध जोडून केलेले वेगळे औषध, देता येते; त्याला थोडे हर-२ही पुरते. त्यासाठीची मान्यता २०२२ मधली आहे.

आता आपल्याविषयी. आपल्या सर्व पेशींत जवळजवळ तीच सुमारे २०,००० जनुके असतात, तरी डोळा आणि यकृत वेगळे असतात, कारण कोणते प्रथिन कुठे आणि किती तयार होते हे निराळे असते. रक्तातील अशा हजारो प्रथिनांची एकदम मोजणी आता शक्य झाली आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत ५४,००० हून अधिक लोकांच्या रक्तातील सुमारे २,९०० प्रथिने मोजून त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधनाला ही मोठी शिदोरी आहे, पण त्यावरून एका व्यक्तीला 'तुम्हाला कर्करोग आहे' असे सांगता येत नाही. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये सर्रास घुसवले जाणारे सीए-१२५ हेच पाहा : अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारे हे प्रथिन मासिक पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढते. निरोगी स्त्रीने ते मोजून घेतले, तर पदरी बहुधा काळजीच पडते. त्यापेक्षा बहिणीचे निदान कितव्या वर्षी झाले आणि आई, मावशी, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का, हे लिहून डॉक्टरांकडे न्यावे. मॅमोग्राफी कधीपासून करायची आणि जनुकीय समुपदेशन लागेल का, हे ते त्यावरून ठरवतील.