तेपोत्सोत्लानचे जेझुइट विद्यालय

प्रश्न : मेक्सिकोतील तेपोत्सोत्लानचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय मुळात जेझुइटांचे, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचे, होते, असे वाचले. त्यांनी ते का सोडले आणि तिथल्या सोनेरी वेदी कशा टिकल्या?

उत्तर : जेझुइटांनी ते सोडले नाही, त्यांना तिथून हाकलून देण्यात आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिको शहराच्या उत्तरेकडील या गावी ते आले, ते नाहुआत्ल आणि ओतोमी या स्थानिक भाषा शिकण्यासाठी. पुढे तिथे नवदीक्षितांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि गोव्यात ज्यांचे शव जतन केले आहे त्या संत फ्रान्सिस झेविअर यांच्या नावाचे चर्च 1670 ते 1682 या काळात उभे राहिले. त्याचा कोरीव दर्शनी भाग मात्र 1760 नंतरचा आहे. त्यावरचे खांब खाली निमुळते आणि वर रुंद होत जातात, आणि त्यांच्यामधली जागा संतांच्या मूर्तींनी व्यापलेली आहे. हे काम पुरे होऊन जेमतेम पाच वर्षे झाली असतील, तोच 1767 मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने आपल्या साऱ्या साम्राज्यातून जेझुइटांना हद्दपार केले. पोपशी निष्ठा, हाती असलेले शिक्षण आणि विस्तीर्ण जमीनजुमला यांमुळे हा संघ राजसत्तेच्या डोळ्यांत सलत होता. याच विद्यालयात घडलेले इतिहासकार फ्रान्सिस्को क्लाविहेरो यांनी प्राचीन मेक्सिकोचा आपला इतिहास इटलीतील वनवासात लिहिला.

वेदींबद्दल, म्हणजे भिंतीला लागून उभ्या असलेल्या उंच कोरीव वेदींबद्दल सांगायचे, तर त्या भरीव सोन्याच्या नाहीत. कोरलेल्या लाकडावर सोन्याचा वर्ख चढवलेला आहे, त्यामुळे वितळवून हाती फारसे काही लागले नसते. खरा धोका बदलत्या अभिरुचीचा होता, कारण पुढच्या काळात मेक्सिकोतील कितीतरी चर्चमधून अशा वेदी काढून त्यांच्या जागी साध्या, अभिजात घाटाच्या वेदी बसवल्या गेल्या. तेपोत्सोत्लान त्यातून वाचले. जेझुइटांच्या पश्चात ही वास्तू इतर धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी, आणि गंमत म्हणजे चुकलेल्या धर्मगुरूंना सुधारण्यासाठीही, वापरण्यात आली.

सप्टेंबर 1964 मध्ये इथे स्पॅनिश राजवटीच्या काळाला वाहिलेले वस्तुसंग्रहालय सुरू झाले. बहुतेक वस्तुसंग्रहालयांत वेदी कुठून तरी उचलून आणलेल्या असतात, इथे त्या ज्या भिंतींसाठी घडवल्या त्याच भिंतींवर आहेत. आमच्या मते या संग्रहालयाचे मोल दालनांतील वस्तूंपेक्षा त्यातच अधिक आहे. 2010 पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीतही आहे, उत्तरेकडील चांदीच्या खाणींकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावरील एक ठिकाण म्हणून.