झऱ्यातली देवी: तुलमुलच्या खीर भवानीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे-जूनमध्ये काश्मीरला जायचा विचार आहे. खीर भवानीची जत्रा नेमकी कधी असते? त्या दिवशी जावं की टाळावं? (वाचक, नाशिक)

जत्रा ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला. शुक्ल पक्षातली तिथी असल्यामुळे उत्तरेकडच्या पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपवणाऱ्या) पंचांगाचा घोळ इथे होत नाही. घरातल्या कालनिर्णयवर दिसते तीच अष्टमी. तारीख मात्र बरीच हलते. २०२३ मध्ये ती २८ मेला होती, २०२४ मध्ये १४ जूनला, २०२५ मध्ये ३ जूनला. अधिक ज्येष्ठ आला की जत्रा निज, म्हणजे त्यानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठात धरतात. २०१८ साली असंच झालं आणि ती थेट २० जूनला गेली. २०२६ मध्येही ज्येष्ठच अधिक आहे. तेव्हा तिकिटं काढण्याआधी महिन्याच्या नावाआधी ‘अधिक’ आहे की ‘निज’ ते बघा. नेमकी इथेच चूक होते.

जायचं की टाळायचं, हे तुम्हाला काय हवंय त्यावर ठरवा. जत्रेला जम्मू-दिल्लीकडून आणि आणखी लांबून काश्मिरी पंडित येतात. १९९० नंतर खोरं सोडावं लागलेली कुटुंबं त्या दिवशी एकमेकांना भेटतात. फुलं, दिवे, दूध विकणारे बहुतेक गावातले मुसलमान. हे बघण्यासारखं आहे, पण जागोजागी तपासणी होते, गाडी लांब लावावी लागते आणि देवीच्या कुंडाच्या कठड्यापाशी पाच मिनिटंही निवांत मिळत नाहीत. सोबत म्हातारी माणसं असतील तर दुसरा कुठलाही दिवस धरा. आणखी एक : महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरच्यांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवं, नाहीतर गर्दीत चुकामूक झाली की पंचाईत.

प्रश्न : ड्रायव्हर म्हणतो, सोनमर्गहून परतताना खीर भवानी करू. जमेल का? (वाचक, कोल्हापूर)

जमतं, पण उलटं करा. तुलमुल गांदरबल जिल्ह्यात, श्रीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर, सोनमर्गच्या रस्त्यावरून थोडं आत. सोनमर्ग ८० किलोमीटर. सकाळी आधी देवी आणि मग पुढे निघा. संध्याकाळी दमून येता आणि प्रकाश गेल्यावर कुंडाचं पाणी नुसतं काळं दिसतं, म्हणजे ज्यासाठी गेलात तो पाण्याचा रंगच हुकतो. सोनमर्ग दुसऱ्या दिवशी ठेवलंत तर जवळच मानसबल तलाव होतो.

मोबाइलवर नुसतं ‘खीर भवानी’ शोधू नका. कुलगाममध्ये मंझगामला, कुपवाड्यात टिक्करला आणि जम्मू शहरातही याच नावाची देवस्थानं आहेत. ‘तुलमुल, गांदरबल’ असं शोधा.

प्रश्न : खीर घरून करून नेता येईल का? ती कुंडात ओततात असं ऐकलं. (वाचक, पुणे)

आधी जागा समजून घ्या, मग काय न्यायचं ते आपोआप कळेल. काश्मिरीत झऱ्याला ‘नाग’ म्हणतात आणि इथे हा नागच देवी आहे. सात बाजूंचं कुंड, त्याच्या मध्यभागी पाण्यातच छोटंसं संगमरवरी देऊळ. हे देऊळ महाराजा प्रतापसिंहांनी १९१२ मध्ये बांधलं. विवेकानंद १८९८ मध्ये इथे आठवडाभर राहिले आणि रोज एक मण दुधाची, तांदूळ-बदाम घातलेली खीर अर्पण करत होते, तेव्हा हे देऊळ नव्हतंच. म्हणून आपल्याकडच्यासारखं गाभाऱ्यात जाणं, ओटी भरणं इथे नाही. कुंडाभोवतीच्या कठड्यापाशी उभं राहायचं, फुलं नि थोडं दूध पाण्यात वाहायचं, दिवा बाहेर लावायचा. तुळजापूरला आपण कल्लोळ तीर्थात स्नान करतो, तसं या कुंडात उतरायचं नाही. आवाराला वेढून ओहोळ वाहतो, हातपाय तिथे धुवा.

पूर्वी दूध, तांदूळ, साखर थेट कुंडात जायची, देवीचं नावही त्यावरूनच. तुम्ही मात्र खिरीचा नैवेद्य दाखवून ती प्रसाद म्हणून वाटा. शिजलेलं अन्न साठलेल्या पाण्यात आंबतं. दुधाची पिशवी फोडून पिशवीसकट सोडणं किंवा नाणी फेकणं हे तर नकोच.

राहत्या जागी स्वतंत्र शाकाहारी स्वयंपाकघर असेल तरच खीर करा. १ लिटर म्हशीचं किंवा मलईचं दूध, अर्धी वाटी (६० ग्रॅम) तांदूळ अर्धा तास भिजवून, पाऊण वाटी (१०० ग्रॅम) साखर. शीत बोटांत सहज चुरडेपर्यंत साखर घालू नका, घातली की तांदूळ तिथेच कडक राहतो. खोरं सुमारे १६०० मीटर उंचीवर असल्याने पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे घरी अर्ध्या तासात होणारी खीर तिथे जास्त वेळ घेते, आणि घाईने आच वाढवली की पातळ बुडाच्या भांड्यात हमखास लागते. थोडी पातळ असतानाच उतरवा, गार झाल्यावर ती आळते. एवढा खटाटोप नको असेल तर दाराशी दूध, फुलं आणि खडीसाखर मिळते. तेवढं पुरे.

प्रश्न : आदल्या रात्री हाउसबोटीवर रोगन जोश खाल्ला तर? (वाचक, ठाणे)

त्या दिवशी सामिष खाऊन आवारात पाऊल ठेवत नाहीत, हा नियम पक्का. गंमत अशी की काश्मिरी पंडित मांसाहारी. श्रीनगरच्या हारी पर्वतावर शारिका देवीला तर पिवळ्या भाताबरोबर काळजाचा (कलेजीचा) नैवेद्यही दाखवतात. पण तुलमुलची राज्ञा (खीर भवानीचंच दुसरं नाव) सात्त्विक मानलेली. लंकेत रावणाच्या वागण्याला कंटाळून ती हनुमानाकरवी काश्मीरला आली, अशी कथा आहे. रोगन जोश दर्शनानंतरच्या दिवसावर ढकला, कुठे पळून जात नाही.

प्रश्न : पाणी काळं दिसलं तर काही वाईट होतं म्हणतात. खरं का? (वाचक, पणजी)

श्रद्धा तशीच आहे, आणि जुनी आहे. वॉल्टर लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८९५ मध्ये लिहून ठेवलंय की त्याने पाहिलं तेव्हा पाण्याला जांभळट झाक होती, आणि दुष्काळ किंवा पटकी यायची असली की ते काळं पडतं असं लोक मानतात. दुसरीकडे, कुठल्याही कुंडाचा रंग शेवाळ, गाळ, पडलेलं दूध-फुलं आणि आभाळ यांनी बदलतो. इथे तर वर चिनारांची दाट सावलीही आहे. ढग आल्यावर गडद दिसलेलं पाणी ऊन पडताच हिरवट दिसू शकतं. एका बाजूने बघून ठरवू नका, कुंडाला पूर्ण फेरी घाला. फरशी दुधापाण्याने निसरडी असते, तेवढं सांभाळा.