हेरोकूवर सगळं डॅशबोर्डवरून होत असताना कमांड-लाइन शिकायची गरज आहे का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. जँगोमधलं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) छोटं अ‍ॅप गिटहब जोडून, बटण दाबून हेरोकूवर (अ‍ॅप इंटरनेटवर चालवून देणारी सेवा) चढतं, मग टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कशाला? आणि बिल्ड (कोडवरून अ‍ॅप तयार होणं) यशस्वी दिसत असूनही पान उघडल्यावर 'अ‍ॅप्लिकेशन एरर' का येते?

दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर आहे. नुसतं चढवायला बटण पुरतं. चढवलेलं अ‍ॅप का पडलं हे शोधायला मात्र टर्मिनलच सोयीचं. (इथे कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आधी 'हेरोकू लॉग्ज --टेल' चालू ठेवा, म्हणजे लॉग (अ‍ॅपच्या नोंदी) येतील तसे दिसतात, आणि दुसऱ्या खिडकीतून 'गिट पुश हेरोकू मेन' करून कोड हेरोकूला पाठवा. लॉग डॅशबोर्डवरही दिसतात, पण टर्मिनलमध्ये ते ग्रेपमधून (हव्या शब्दाच्या ओळी निवडणारी कमांड) गाळता येतात, फाइलीत साठवता येतात. हेरोकू शेवटच्या १,५०० ओळीच ठेवतो, तेव्हा एरर दिसली की लगेच पाहायचं, उद्यावर टाकायचं नाही.

लॉगमध्ये एररचा कोड शोधा. एच-१० म्हणजे अ‍ॅप सुरू होतानाच किंवा चालता चालता कोसळलं. खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत असतं, आणि नवशिक्यांच्या बाबतीत ते बहुतेकदा 'गनिकॉर्न: कमांड नॉट फाउंड' हेच निघतं: स्वतःच्या लॅपटॉपवर गनिकॉर्न (जँगोचं अ‍ॅप चालवणारा वेब सर्व्हर) आहे, रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत, म्हणजे हेरोकूने बसवायच्या पॅकेजांच्या यादीत, नाही. आर-१० म्हणजे अ‍ॅपने ६० सेकंदांत पोर्ट (ज्या क्रमांकावर अ‍ॅपकडे विनंत्या येतात तो) धरला नाही. प्रॉकफाइलमध्ये (अ‍ॅप कोणत्या कमांडने सुरू करायचं ते सांगणारी फाइल) 'रनसर्व्हर' (जँगोचा सरावापुरता सर्व्हर) आणि ८००० हा ठरावीक पोर्ट लिहिला की हे होणारच, कारण पोर्ट हेरोकू ठरवतो आणि 'पोर्ट' नावाच्या व्हेरिएबलमधून अ‍ॅपला कळवतो. गनिकॉर्न तो आपोआप वाचतं. एच-१४ आला तर वेब प्रोसेस चालूच नाही. प्रॉकफाइल तपासा आणि 'हेरोकू पीएस:स्केल वेब=१' द्या.

आणखी एक घोळ: मेन किंवा मास्टर सोडून दुसरी ब्रांच (गिटमधली कोडची वेगळी शाखा) पुश केली तर ती जाते खरी, पण डिप्लॉय होत नाही.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त जोर द्यायचा आहे ती. डायनो, म्हणजे हेरोकू ज्या कंटेनरमध्ये तुमचं अ‍ॅप चालवतो तो, हा तुमचा सर्व्हर नाही. 'हेरोकू रन बॅश' केलं की लिनक्सचा प्रॉम्प्ट समोर येतो आणि वाटतं, आपण चालू अ‍ॅपच्या आत शिरलो. तसं नसतं. ती कमांड तुमच्या कोडची प्रत घेऊन वेगळा, तात्पुरता डायनो उभा करते. तिथे फाइल दुरुस्त करून बाहेर पडलात की तो डायनो मोडला, दुरुस्तीही गेली. वेब डायनोला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय वेब डायनोसुद्धा साधारण २४ तासांतून एकदा नव्याने सुरू होतो आणि त्याच्या डिस्कवर चालू असताना लिहिलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून जँगोची मूळची एसक्यूलाइट फाइल (डिस्कवरच्या एका फाइलीतला डेटाबेस) इथे चालत नाही: काल नोंदवलेले वापरकर्ते आज गायब, अपलोड केलेले फोटो गायब. डेटाबेस पोस्टग्रेसमध्ये (डायनोबाहेर चालणारा डेटाबेस सर्व्हर) आणि फोटो बाहेरच्या स्टोरेजमध्ये हवेत. एवढं समजलं की मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) 'हेरोकू रन'मधून का चालतं हेही उलगडतं. डायनो तात्पुरता असला तरी डेटाबेस बाहेर आहे, त्यातला बदल टिकतो.

गुप्त किल्ल्या (पासवर्ड, सीक्रेट की वगैरे) कोडमध्ये न लिहिता 'हेरोकू कॉन्फिग:सेट'ने द्या. दर वेळी नवी रिलीज (कोड आणि कॉन्फिगची क्रमांक दिलेली आवृत्ती) बनते आणि अ‍ॅप रीस्टार्ट होतं, त्यामुळे चार किल्ल्या असतील तर चारही एकाच कमांडमध्ये घाला.

काही बिघडलं तर 'हेरोकू रिलीजेस' यादी दाखवतं आणि 'हेरोकू रोलबॅक' मागच्या रिलीजवर नेतं. मला ही सोय फार मोलाची वाटते, पण तिची हद्द माहीत हवी. कोड आणि कॉन्फिग मागे जातं, डेटाबेस जात नाही. नव्या मायग्रेशनने एखादा कॉलम काढला असेल तर जुना कोड तो शोधत पुन्हा पडेल. म्हणून मोठ्या मायग्रेशनआधी 'हेरोकू पीजी:बॅकअप्स:कॅप्चर' कराच.

स्टेजिंग (चाचणीसाठी) आणि प्रॉडक्शन (खऱ्या वापरासाठी) अशी दोन अ‍ॅप झाली की प्रत्येक कमांडला '-ए' लावून अ‍ॅपचं नाव लिहा. हाताला ही सवय पहिल्यापासून लागलेली बरी.

जुने व्हिडिओ पाहून शिकत असाल तर लक्षात घ्या, हेरोकूचे फुकट डायनो नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस बंद झाले. बेसिक डायनोवर (पैसे देऊन घ्यायचा एक प्रकार) सराव संपला की 'पीएस:स्केल वेब=०' करून त्याचं बिल थांबवता येतं. पोस्टग्रेस वेगळं जोडलेलं असतं, त्याचे पैसे चालूच राहतात.

एवढं करूनही एरर गेली नाही, तर लॉगमधल्या कोडच्या वरच्या वीसेक ओळी आणि प्रॉकफाइल इथे टाका, बघून सांगतो. 'हेरोकू कॉन्फिग'चं आउटपुट मात्र टाकू नका. त्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा छापलेला असतो.