अँजेलच्या तोंडात मावेल ते

प्रश्न : चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक घेतला. झाडं लावून दोन महिने झाले. व्हॅलिसनेरिया, अमेझॉन स्वोर्ड आणि लाकडावरचं अनुबियास, सगळं छान लागलंय. मासे अजून सोडलेले नाहीत. माझी यादी अशी : चार अँजेल, तीस निऑन टेट्रा, दहा टायगर बार्ब, डिस्कसची एक जोडी, दोन गोल्डफिश आणि शेवाळ खायला एक प्लेको. एवढ्या टँकला हे जास्त होतील का?

उत्तर : दोन महिने नुसत्या झाडांकडे बघत बसलात, त्याबद्दल आधी शाबासकी. बहुतेकांना दोन दिवस धीर धरवत नाही.

आता यादी. जास्त होतील का, हा प्रश्न नंतरचा. या सहा जणांना एकाच पाण्यात राहायचंच नाहीये, ही खरी अडचण आहे. डिस्कसला २८ ते ३० अंश पाणी लागतं. गोल्डफिश वीस-बावीस अंशांत खूश असतो. मधलं पंचवीस ठेवलं तर दोघंही कुरकुरणार. शिवाय गोल्डफिश कोवळी पानं खातो, मुळं उकरतो आणि घाणही भरपूर करतो. दोन महिने जपलेल्या झाडांत त्याला सोडू नका. डिस्कसही राहू द्या. तेवढ्या उबेत निऑनचं आयुष्य घटतं आणि बरीच झाडं मरगळतात. डिस्कस पाळायचा तर पूर्ण टँक त्याच्या तब्येतीने मांडावा लागतो.

टायगर बार्ब मला आवडतो, पण अँजेलसोबत नको. अँजेलचे ते लांब, दोऱ्यासारखे पर बघून त्याला राहवत नाही. मोठा थवा ठेवला की ते आपसांतच भांडतात, असं म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्या भरवशावर अँजेलचे पर पणाला लावायची माझी तयारी नाही.

प्लेको दुकानात बोटाएवढा दिसतो आणि काचेला चिकटून मोठा कष्टाळू वाटतो. साधा प्लेको पुढे फूट-सव्वा फुटाचा होतो. तोवर शेवाळातला त्याचा रस उडालेला असतो आणि तुमच्या स्वोर्डची रुंद पानं खरवडणं त्याला जास्त आवडू लागतं. त्याच्याऐवजी एखादा ब्रिसलनोज घ्या, तो पाच-सहा इंचांवर थांबतो. किंवा सहा-आठ ओटोसिंक्लस. ओटो मात्र काचेवर, पानांवर शेवाळाचा पातळ थर धरल्यावरच आणा. चकचकीत नव्या टँकमध्ये ते उपाशी मरतात.

उरले अँजेल आणि निऑन. ही जोडी तुमच्या मनात पक्की बसलेली दिसते, कारण चित्रांत ती फार देखणी दिसते. चित्रातले अँजेल लहान असतात. पूर्ण वाढलेल्या अँजेलचं शरीर पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातं, परांसकट उंची त्याहून बरीच जास्त. निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, तोही सडपातळ. 'लहानपणापासून एकत्र वाढवले की खात नाहीत' हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेल. काही टँकमध्ये ते खरं ठरतंही. पण अँजेल हा शिकारी मासा आहे आणि जे तोंडात मावतं ते अन्न, एवढंच त्याला कळतं. पहिले काही महिने सगळं गोडीगुलाबीने चालतं. मग सकाळी दिवा लावल्यावर थवा जरा विरळ वाटायला लागतो. मेलेला मासा कुठे सापडत नाही आणि माणूस फिल्टर उघडून बघत बसतो.

तेव्हा आधी एक ठरवा : तुम्हाला रोज बघायचंय काय? मोठा, संथ मासा की लहान माशांचा थवा? एक उत्तर निवडलंत की बाकीची यादी आपोआप लहान होते.

अँजेल हवे असतील तर पाच-सहा पिल्लं एकत्र आणा, पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवा. मोठी होताना त्यांतली एखादी जोडी जमेल, स्वोर्डच्या पानावर अंडी घालेल आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून ठेवेल. तेव्हा उरलेल्यांना दुसरं घर शोधावं लागेल. त्याची तजवीज आजच करा. सोबतीला लेमन टेट्रा पंधरा-वीस. तो अंगाने चपटा आणि उंच असल्याने गिळायला अवघड. तळाला आठ-दहा कोरीडोरास, पण खाली बारीक वाळू हवी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात.

थवा हवा असेल तर अँजेल विसरा आणि तीसऐवजी चाळीस-पन्नास निऑन एकदम ठेवा. किंवा कार्डिनल घ्या. तो थोडा मोठा आणि त्याची लाल पट्टी नाकापासून शेपटीपर्यंत अखंड जाते. निऑनची ती मागच्या अर्ध्यातच असते. सोबत पंधरा हार्लेक्विन रासबोरा, कोरीडोरास, ओटो आणि नजर ठरायला पर्ल गुरामीचा एक नर नि दोन माद्या.

माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग. मोठा मासा सोडला की चार फुटांचा टँक लहान दिसतो, लहान मासे सोडले की तोच टँक खोल वाटतो. माझ्याकडे थव्यासाठी रमीनोज टेट्रा आहेत. लाल नाकांची ती रांग व्हॅलिसनेरियाच्या मागे जाते आणि दुसऱ्या टोकाने एकदमच वळून बाहेर येते. पाहुणे टीव्हीकडे पाठ करून बसतात.

संख्येचं आता सांगतो. तुमचा टँक हिशेबाने ३४० लिटरचा. माती, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी त्याहून बरंच कमी. वर सांगितलेला थवा त्यात आरामात बसतो, पण एका दिवसात नाही. आधी अमोनिया आणि नायट्राइट (पाण्यात साठणारी, माशांना मारक द्रव्यं) दोन्ही शून्य आहेत ना, हे टेस्ट किटने बघा. मग दहा-बारा मासे, दोन आठवडे थांबा, पुन्हा तपासा, मग पुढचे. प्रत्येक नवी तुकडी आधी वेगळ्या टँकमध्ये तीन-चार आठवडे ठेवलीत तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरत नाही. झाडांनी भरलेल्या टँकमध्ये औषध घालणं फार जिकिरीचं असतं. अँजेलच ठेवणार असाल तर त्यांना सगळ्यांच्या शेवटी सोडा, नाहीतर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते घुसखोर समजतात.

प्रश्न : झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलाय. रोज सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. दुपारी ठीक असतात.

उत्तर : रात्री गॅस चालू राहतोय ना? अंधारात झाडं तो वापरत नाहीत, उलट माशांसारखीच ऑक्सिजन घेतात. टायमर लावा : दिवे लागण्याच्या तासभर आधी गॅस सुरू, दिवे जाण्याच्या तासभर आधी बंद. फिल्टरचा पाइप थोडा वर उचला, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील. हे आजच करा, झाडांचं नंतर बघू.

प्रश्न : आमचा रेड टेल शार्क (लाल शेपटीचा लहान मासा, खरा शार्क नव्हे) टँकमध्ये त्याच्या जातीचा एकटाच आहे. कंटाळत असेल. जोडीला आणखी एक आणू का?

उत्तर : नको. तो मारेल त्याला.