एकाच बॅचच्या पट्ट्या, मग ताकद वेगवेगळी कशी?

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 3 मोल टक्के इट्रिया (यट्रियम ऑक्साइड) घातलेल्या झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) पट्ट्या थ्री-पॉइंट बेंडिंगमध्ये, म्हणजे दोन टोकांना आधार देऊन मधे दाबून, तोडतोय. एक 700 मेगापास्कललाच गेली, दुसरी पार 1100 पर्यंत टिकली. मशीन बिघडलंय का? शिवाय गाइड म्हणतात एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिकरचना ओळखणारी चाचणी) पण करा, त्याचा ताकदीशी काय संबंध?

उत्तर : मशीनवर शंका घेण्याआधी तुटलेले तुकडे उचलून नीट बघा. सिरॅमिक स्टीलसारखं वाकून सावरत नाही, त्यात जो सगळ्यात वाईट दोष असतो, एखादं छिद्र म्हणा, ग्राइंडिंगचा ओरखडा म्हणा, तिथूनच ते जातं आणि प्रत्येक पट्टीत तो दोष वेगळा, म्हणून आकडे पसरतात. ताण येतो खालच्या बाजूला, त्यामुळे ती बाजू पॉलिश केलेली आणि कडा थोड्या घासलेल्या हव्यात, नाहीतर तुम्ही झिर्कोनिया नाही, कडेचा टवकाच मोजताय. नुसती सरासरी देऊ नका, 30 च्या आसपास पट्ट्या तोडून वायबुल मॉड्युलस काढा, म्हणजे आकडे किती पसरलेत ते सांगणारी संख्या, तो जितका मोठा तितका पसारा कमी.

आता एक्सआरडी, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे. शुद्ध झिर्कोनिया साधारण 1170 अंश सेल्सिअसच्या खाली मोनोक्लिनिक नावाच्या स्फटिकरचनेत असतो, इट्रियामुळे त्याची जास्त तापमानाची टेट्रागोनल रचना खोलीच्या तापमानालाही टिकून राहते. भेग आली की टोकाजवळचे कण मोनोक्लिनिक होतात, 4-5 टक्के फुगतात आणि भेगेलाच दाबून धरतात! हे 1975 मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी दाखवलं. म्हणून स्कॅन दोन ठिकाणी घ्या, पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर आणि तुटलेल्या पृष्ठभागावर. एक्स-रे यंत्रात कॉपर ट्यूब असेल तर आलेखात 30 अंश कोनाजवळचा पीक (उंच टोक) टेट्रागोनलचा, 28 आणि 31 जवळचे मोनोक्लिनिकचे. तुटलेल्या बाजूला मोनोक्लिनिक वाढलेला दिसला तर समजा यंत्रणा काम करतेय. पण पॉलिश केलेल्या बाजूलाच तो भरपूर असेल तर काळजी करा, एकतर ग्राइंडिंग जोरात झालंय नाहीतर ओलाव्याने रचना आधीच बदलायला लागलीय.

घनता पण आर्किमिडीजच्या पद्धतीने (हवेत आणि पाण्यात वजन करून) तपासा, 6 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या वर यायला हवी. आणि जमलं तर थोड्या पट्ट्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) 134 अंश सेल्सिअसला 5 तास ठेवून मग तोडा, कारण दात नाहीतर सांध्यासाठी वापरायचा असेल तर ओलाव्यात किती टिकतो हे कळल्याशिवाय कोरड्या पट्टीच्या 1100 वर विसंबून चालणार नाही.