आधी शेक

पोरी,

रविवारी तू रवान, सेगाचा तो मोठा डफ, मांडीवर घेऊन बसलीस आणि वाजवायचं सोडून प्रश्नच विचारत राहिलीस. ते माझ्या डोक्यातून जात नाही. हॉटेलवाले आठवड्याला तीन रात्रींचं काम देतायत, पण वाद्य त्यांना प्लॅस्टिकच्या कातड्याचं हवंय. घरी आजी म्हणते, सेगा हे इथल्या क्रिओल लोकांचं नाचगाणं, आपलं नव्हे; आपली मराठी माणसांची झाकरी. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही. मला एवढंच सांगायचंय, आधी शेक.

हसू नकोस. बकऱ्याचं कातडं लाकडी कड्यावर ताणलेलं असतं. मॉरिशसच्या दमट हवेत ते संध्याकाळपर्यंत सैल पडतं आणि थाप मारली की ओल्या गोणपाटासारखा आवाज येतो. पाचटाचा जाळ करायचा, रवान त्यावर फिरवायची, बोटाने टिचकी मारून बघायची, पुन्हा फिरवायची. घाई केलीस तर कातडं फाटतं. या वेळात माणसं जाळाभोवती बसतात. कुणीतरी गुणगुणायला लागतं, दुसरा त्यात आजच्या भांडणाची एक ओळ घुसवतो, कुणी बाई खांदे हलवायला लागते. मारवान, ती बियांची चपटी पेटी, खुळखुळते, त्रिकोणावर काडी पडते. सेगा तिथून सुरू होतो. कार्यक्रमाच्या वेळी तो आधीच अर्धा झालेला असतो.

एकदा कोल्हापुरात गेलो होतो. तिथले हलगीवालेही पाचट पेटवून हलगी शेकत उभे होते. उसाचा मुलूख तोही आणि आपलाही. मी तिथे वेड्यासारखा उभा राहिलो. बायको म्हणाली, गाडी चुकेल. चुकलीच.

आजीचं म्हणणं झटकू नकोस. रत्नागिरीकडची जाखडी इथे झाकरी झाली. मध्ये ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती फेर. गणपतीच्या रात्री ती नाचायची तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. पण तिला हेही सांग, की आपले पणजोबा ज्या मळ्यात उतरले तिथे आधी दुसऱ्यांचा घाम सांडला होता. मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या माणसांचा. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली आणि तोच ऊस तोडायला आपली माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आली. रात्री दुसऱ्या झोपडीतून जे ऐकू यायचं ते आपल्याही कानावर पडलंच असणार. 'आपलं' कुठे संपतं हे मला या वयातही नीट सांगता येत नाही, आणि हल्ली ते शोधायचंही मी सोडून दिलंय.

माझ्या लहानपणी सभ्य घरांत सेगाचं नाव काढत नसत. चर्चलाही तो खपत नसे. ३० ऑक्टोबर १९६४ ला ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी सेगाची रात्र झाली आणि गायक 'ती फ्रेर' यांना सेगाचा राजा म्हणून गौरवलं. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. म्हणजे उभं आयुष्य गायल्यावर मान मिळाला. मग विजेच्या गिटारी आल्या, फुलाफुलांचे झगे आले. २०१४ मध्ये युनेस्कोने सेगाला वारशाच्या यादीत घेतलं. दोन वर्षांनी आपल्या भोजपुरी शेजाऱ्यांचं गीत-गवाई आणि २०१७ मध्ये रॉड्रिग्स बेटाचा ढोलावरचा सेगा. भाषणं झाली. यादी बरी असते, पण जाळ कुणीतरी करावाच लागतो ना?

आता माझं ऐक. मीही हॉटेलात वाजवलंय, अकरा वर्षं. तिथे आगीला बंदी होती, म्हणून प्लॅस्टिकचं कातडं. पिशवीतून काढायची, वाजवायची, पिशवीत घालायची. घरी तीन मुली होत्या आणि शिक्षकाचा पगार म्हणजे काय ते तुझ्या आईला विचार. मला दोष देणाऱ्यांनी माझ्या मुलींची फी भरली नाही. असो. पण त्याच वर्षांत आमच्या किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी होता. दर शनिवारी म्हणायचा, मास्तर, बसा, तापू द्या. मी म्हणायचो, पुढच्या शनिवारी. त्याची गाणी कुठे लिहिलेली नव्हती, ध्वनिमुद्रित नव्हती. तो गेला तेव्हा मी पर्यटकांपुढे बसून हसतमुखाने वाजवत होतो.

म्हणून चिडतो मी. तू हॉटेलचं काम घे, मला काही हरकत नाही. पैसे घे, झगा घाल. गायक काया यांनी सेगात जमैकाचं रेगे संगीत मिसळून 'सेगे' काढलं, तेव्हाही जुने लोक कुरकुरले होते. तू काय मिसळायचं ते मिसळ. पण उरलेल्या चार रात्रींतली एक जाळाजवळ बस. आधी शेक. प्लॅस्टिकवरच हात बसला तर कातडं कधी तयार झालं हे बोटांना कळत नाही. माझ्या बोटांना आता कळत नाही. टिचकी मारतो आणि बायकोकडे बघतो.

शनिवारी ये. आजीलाही आण, ढोलकी घेऊन. काडेपेटी माझ्याकडे आहे, पाचट तू आण. वाळलेलं आण, मागच्या वेळी धुराने सगळ्यांचे डोळे गेले होते.

तुझा,
मास्तर